पासष्ट सेंटिमीटरची सवलत : जुन्या इमारतीच्या लिफ्टसाठी सामासिक अंतरात मागितलेली शिथिलता

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या हद्दीतील वीस सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आहे. शहर, संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे व काही तपशील वगळले आहेत. मापे मात्र अर्जात होती तशीच ठेवली आहेत, कारण प्रकरणाचा निकाल अखेर मापांवरच लागला. पहिल्या अर्जाची हकीकत संस्थेच्या फाइलीवरून आणि समितीच्या सदस्यांनी सांगितल्यावरून लिहिली आहे. दुसऱ्या अर्जाच्या तयारीत मी स्वतः संस्थेबरोबर होतो.

इमारत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील, तळमजला अधिक चार मजल्यांची, उंचीने पंधरा मीटरच्या आतली. मंजूर नकाशात लिफ्ट नव्हती आणि त्या काळी अशा इमारतीत ती नसण्याचे कोणाला काही वाटतही नव्हते. एका मजल्याला अठरा पायऱ्या, नऊ पायऱ्यांनंतर मधला टप्पा, पुन्हा नऊ पायऱ्या. चौथ्या मजल्यापर्यंत एकूण बहात्तर. तिशीत घर घेतलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली होती. वरच्या सोळा सदनिकांपैकी नऊ सदनिकांत सत्तरीपुढचे किमान एक माणूस होते आणि तिसऱ्या मजल्यावरील एका सदस्यांना पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीचाच आधार उरला होता. आठवड्यातून दोनदा त्यांना उपचारासाठी खाली न्यावे लागे आणि त्यासाठी इमारतीतील चार तरुण मुलांना आळीपाळीने खुर्ची उचलावी लागे. परीक्षेच्या दिवसांत ही मुले मिळत नसत, तेव्हा उपचार चुकत.

नियम काय सांगतो

मुंबई महानगरपालिका आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यातील नियोजन प्राधिकरणांना ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली’ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडायची, म्हणजे सामासिक अंतर किती ठेवायचे, हे तीत ठरवून दिलेले असते. बोलीभाषेत यालाच साइड मार्जिन म्हणतात. उजेड, वारा, शेजाऱ्याचा खासगीपणा आणि आग लागल्यास जाण्यायेण्याची वाट ही त्यामागची कारणे असल्यामुळे या अंतराकडे कागदावरची रेघ म्हणून पाहून चालत नाही.

याच नियमावलीत एक स्वेच्छाधिकाराची तरतूद आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात स्पष्टपणे दाखवून देता येईल अशी अडचण असेल, तर प्राधिकरण विहित मापांमध्ये शिथिलता देऊ शकते. मात्र त्यामुळे इमारतीतील व शेजारच्या रहिवाशांच्या आरोग्याला, अग्निसुरक्षेला, इमारतीच्या मजबुतीला वा सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येता कामा नये. नगररचना विभागात या साऱ्याला सरसकट ‘हार्डशिप’ म्हणतात आणि शिथिलतेपोटी भरावयाच्या रकमेला ‘हार्डशिप प्रीमियम’. या अधिकाराला दोन ठळक मर्यादा आहेत. नियमावलीतच वेगळी तरतूद असल्याशिवाय चटईक्षेत्र निर्देशांकात (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) सूट मिळत नाही आणि रस्त्याच्या हद्दीपासून सोडावयाच्या अंतरातही मिळत नाही. या दोन वाक्यांनी पुढे संस्थेचे बरेचसे पर्याय परस्पर निकालात काढले.

अडचण नेमकी कुठे होती

लिफ्ट बसवण्यास जागा नव्हती असे नाही. जिन्याचा मधला टप्पा इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून होता आणि मागे साडेपाच मीटर मोकळी जागा होती. तेथे लिफ्टचा मनोरा उभा केला असता, तर मागचे सामासिक अंतर पुरून उरले असते आणि कोणतीही सवलत मागावी लागली नसती. पण ती लिफ्ट मजल्यांवर न थांबता मधल्या टप्प्यांवर थांबली असती. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला लिफ्टमधून उतरून नऊ पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, किंवा एक टप्पा वर जाऊन नऊ पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या. गुडघे दुखणाऱ्याला हे चालण्यासारखे आहे, चाकाच्या खुर्चीला नाही.

मजल्याच्या पातळीवर लिफ्ट हवी तर एकच जागा होती. प्रत्येक मजल्यावरचा सामायिक बोळ पूर्वेच्या बाजूला एका सिमेंटच्या जाळीपाशी संपत होता आणि त्या जाळीबाहेर दोन सदनिकांच्या मधोमध ९५ सेंटिमीटर खोल अशी खाच होती. लिफ्टचा काही भाग त्या खाचेत बसला असता, उरलेला भाग बाहेर पूर्वेच्या मार्जिनमध्ये आला असता. मंजूर नकाशाप्रमाणे तेथे ३.०० मीटर अंतर आवश्यक होते, प्रत्यक्षात ३.०५ मीटर होते. त्यामुळे पाच सेंटिमीटरपेक्षा अधिक बाहेर आलेली प्रत्येक गोष्ट नियमभंग ठरणार होती.

पहिला अर्ज आणि नकार

२०२२ च्या सुरुवातीला समितीने एका वास्तुविशारदांमार्फत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली बांधकाम परवानगीसाठी अर्ज केला. आठ व्यक्तींची, म्हणजे प्रतिव्यक्ती ६८ किलो धरून ५४४ किलो क्षमतेची लिफ्ट, भोवती काँक्रीटच्या भिंती, खाचेबाहेर १.२० मीटर आलेला मनोरा आणि त्यानंतर उरणारे अंतर १.८५ मीटर, असा तो प्रस्ताव होता. आवश्यक अंतरात १.१५ मीटरची तूट पडत होती.

सोबतचे विनंतीपत्र साडेतीन पानांचे होते. त्यात नऊ ज्येष्ठ नागरिकांची वये, त्यांचे आजार, दोघींच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे आणि चाकाच्या खुर्चीतील सदस्यांचे छायाचित्र होते. हे सारे खरे होते. मात्र मागच्या बाजूची जागा का चालणार नाही, याविषयी त्या साडेतीन पानांत एकही वाक्य नव्हते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. ‘सर्व सदस्यांच्या संमतीने’ असे अर्जात लिहिले होते. प्रत्यक्षात वीसपैकी सतरा जणांच्या सह्या होत्या. तळमजल्यावरील ज्या सदस्यांनी सही केली नव्हती त्यांच्या न्हाणीघराची हवा खेळण्यासाठीची झडप त्याच खाचेत उघडत होती. त्यांनी आपली हरकत थेट महानगरपालिकेकडे पाठवली. कनिष्ठ अभियंता स्थळपाहणीसाठी आले तेव्हा त्यांच्या हातात ती हरकत होती, आणि नकाशात न दाखवलेल्या पाचही मजल्यांवरच्या झडपा त्यांनी एकेक करून मोजल्या.

जूनमध्ये कलम ४५ खाली नकाराचा आदेश आला. त्यात चार कारणे होती : नियमात बसणारी पर्यायी जागा मागे उपलब्ध आहे, अडचण स्पष्टपणे दाखवलेली नाही, पाच सदनिकांच्या न्हाणीघरांचे वायुवीजन बंद होते, आणि जमिनीच्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून विकासकाचे नाव असल्यामुळे अर्जदार संस्थेचा मालकीहक्क दिसत नाही. समितीत आदेश ‘निर्दयी’ ठरला. मी तो प्रथम वाचला तेव्हा मला तो बराच मदत करणारा वाटला, कारण कोणती चार कामे करायची हे त्यात ओळीने लिहिलेले होते.

तोलून पाहिलेले पर्याय

नकारानंतरच्या बैठकांत जे पर्याय पुढे आले त्यांतील काही लगेच बाजूला पडले. इमारतीच्या पुढच्या बाजूला लिफ्ट घ्यावी, अशी एक सूचना होती; ती रस्त्यापासूनच्या अंतरात येत होती आणि तेथे स्वेच्छाधिकार चालतच नाही. जिन्याच्या कठड्याला रूळ लावून त्यावर सरकणारी खुर्ची बसवावी, अशी दुसरी होती. ती स्वस्त होती, पण जिना आधीच अरुंद आणि आणीबाणीत उतरण्याची तीच एक वाट, त्यामुळे ती सोडून दिली. पुनर्विकासाची चर्चा इमारतीत आठ वर्षे चाललेली होती आणि आणखी आठ वर्षे चालेल अशी चिन्हे होती.

एका सदस्यांचे म्हणणे असे होते की आधी बांधून टाकावे आणि मग दंड भरून नियमित करून घ्यावे. ‘सगळीकडे असेच चालते’ हे त्यांचे वाक्य कार्यवृत्तात नोंदलेले आहे. प्रशमनाची, म्हणजे दंड घेऊन बांधकाम नियमित करण्याची, जी तरतूद त्यांच्या मनात होती, ती म्हणजे २०१७ मध्ये अधिनियमात आलेले कलम ५२-क, ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांपुरती होती. नव्या मनोऱ्याला तिचा उपयोग शून्य. विनापरवाना काम झाले असते तर ते काढून टाकण्यासाठी कलम ५३ ची नोटीस आली असती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिफ्टच्या परवान्याच्या वेळी इमारतीची मंजुरी दाखवता आली नसती. आणखी एक गैरसमज साठ दिवसांबद्दल होता. अर्ज करून साठ दिवस गेले की परवानगी मिळाल्याचे मानले जाते, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. मात्र ही मानीव परवानगी नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रस्तावालाच मिळते. जो प्रस्ताव मुळातच सवलत मागतो, त्याला दिवस मोजून काही हाती लागत नाही.

खरा विचार तीन पर्यायांवर झाला.

पहिला, कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील. त्यासाठी आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांची मुदत असते. समितीला ही मुदत एकतिसाव्या दिवशी कळली आणि पुढचे चार दिवस धावपळीत गेले. पस्तिसाव्या दिवशी झालेल्या बैठकीत मी अपील न करण्याच्या बाजूने बोललो. अपिलात तीच फाइल वर गेली असती, त्याच चुकीच्या संमतीपत्रासह आणि न दाखवलेल्या झडपांसह. आदेश चुकीचा आहे असे म्हणायला आमच्याजवळ आधारच नव्हता. हक्क राखून ठेवण्यापुरते तरी अपील दाखल करावे, असे संस्थेच्या वकिलांचे मत होते आणि ते अगदी टाकाऊ नव्हते. तरीही मुदत जाऊ दिली गेली. हा निर्णय पुढे अंगाशी आला नाही म्हणून तो बरोबर होता असे मी म्हणणार नाही.

दुसरा पर्याय मागच्या बाजूच्या लिफ्टचा. तो नियमात बसणारा, कमी खर्चाचा आणि त्वरित होणारा होता. वीसपैकी अकरा जणांना तो चालणार होता. यावर सर्वाधिक वेळ गेला आणि जायलाच हवा होता. अकरांची सोय होत असताना उरलेल्यांसाठी दोन वर्षे थांबायचे का, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, पण त्या बैठकीत तो सगळ्यांच्या मनात होता. निर्णय झाला तो दुसऱ्या मजल्यावरील एका बाईंच्या बोलण्याने. त्या म्हणाल्या, ‘आज मला नऊ पायऱ्या चालतील. पण ही लिफ्ट तीस वर्षांसाठी घेतोय ना आपण?’

तिसरा पर्याय म्हणजे आदेशातील चारही कारणांना उत्तर देऊन, शक्य तितकी लहान सवलत मागणारा नवा अर्ज. तो स्वीकारला गेला.

खुर्चीचे माप

नव्या अर्जाचे काम नकाशापासून सुरू झाले नाही. एका रविवारी सकाळी पार्किंगच्या फरशीवर खडूने पहिल्या अर्जातील लिफ्टच्या कक्षाचा चौकोन काढला आणि तिसऱ्या मजल्यावरची रिकामी खुर्ची खाली आणली. पाय ठेवण्याच्या पट्ट्या धरून तिची लांबी १.०५ मीटर भरली, रुंदी ६५ सेंटिमीटर. खुर्ची चौकोनात ढकलली, मागे एक माणूस उभा केला आणि मग चौकोनाच्या रेघा पुसून आत आत आणत गेलो. सोबत्याला खुर्चीच्या मागे उभे राहायचे तर खोली सव्वा मीटर पुरत होती, रुंदी ९५ सेंटिमीटर. त्याहून एक वीत कमी केले की सोबत्याची टाच रेघेबाहेर जात होती. सेक्रेटरींनी ती टाच जिथे होती तिथेच खूण केली आणि त्या खुणेचे छायाचित्र अर्जाला जोडले गेले.

या मापाने बरेच काही बदलले. सहा व्यक्तींच्या, म्हणजे ४०८ किलोच्या ठरावीक लिफ्टचा कक्ष रुंद पण उथळ असतो, त्यात खुर्ची व सोबती मागेपुढे मावत नाहीत. तेव्हा त्याच क्षमतेचा पण अरुंद आणि खोल कक्ष मागवायचे ठरले. वर वेगळी मशीन रूम लागणार नाही अशी यंत्रणा निवडली. काँक्रीटच्या भिंतींऐवजी लोखंडी सांगाडा घेतला, त्यामुळे भिंतीची जाडी वाचली. मनोऱ्याची एकूण खोली १.६५ मीटरवर आली. त्यातील ९५ सेंटिमीटर खाचेत गेली आणि बाहेर राहिली ती फक्त ७० सेंटिमीटर. उरणारे अंतर २.३५ मीटर, तूट ६५ सेंटिमीटर, तीही इमारतीच्या संपूर्ण लांबीवर नव्हे तर १.८० मीटर रुंदीपुरती. पहिल्या प्रस्तावातील तूट जवळजवळ निम्मी झाली होती.

चटईक्षेत्राची मोजणी याच वेळी करून घेतली. भूखंडावर वापरायचे चटईक्षेत्र शिल्लक निघाले, त्यामुळे लिफ्टचे क्षेत्र धरायचे की वगळायचे हा वाद उपस्थितच झाला नाही. शिल्लक नसते तर बाकीचा सारा खटाटोप व्यर्थ ठरला असता. ही मोजणी खरे तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

जमिनीची मालकी आणि घरातली हरकत

मिळकत पत्रिकेचा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खाणारा निघाला. विकासक हयात नव्हते आणि त्यांचे वारस प्रतिसाद देत नव्हते. त्यामुळे महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे विकासकाच्या सहीशिवाय जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याचा) अर्ज करावा लागला. कागद गोळा करणे, सुनावण्या, आदेश, दस्ताची नोंदणी आणि मग मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव, यांत जवळपास नऊ महिने गेले. अनेक जुन्या संस्थांप्रमाणे या संस्थेनेही हे काम तीस वर्षे ‘पुढच्या वर्षी’वर टाकले होते.

त्या नऊ महिन्यांत समितीने एक शहाणपणाचे काम केले : हरकत घेणाऱ्या तळमजल्यावरील सदस्यांकडे अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघेही स्वतः गेले. पहिल्या भेटीत चहा झाला आणि काही झाले नाही. दुसऱ्या भेटीत त्यांनी आपल्या दोन तक्रारी मांडल्या. एक झडपेची. दुसरी पैशाची : ज्या लिफ्टचा आपल्याला उपयोग नाही तिचा खर्च आपण का द्यावा? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभालीचा खर्च, कोणी वापरो वा न वापरो, सर्व सदस्यांनी समान सोसायचा असतो. परंतु लिफ्ट नव्याने बसवण्याचा खर्च कसा वाटायचा हे सर्वसाधारण सभेला ठरवता येण्यासारखे होते. विशेष सर्वसाधारण सभेने उभारणीचा खर्च मजल्यांनुसार चढत्या प्रमाणात वाटला आणि तळमजल्याला त्यातून वगळले. देखभाल मात्र उपविधीप्रमाणे समान ठेवली. पाचही झडपा संस्थेच्या खर्चाने लगतच्या बाहेरच्या भिंतीत हलवून देण्याचा ठराव झाला. तरीही त्या सदस्यांनी ठरावाच्या विरोधात मत दिले.

येथे समितीपुढे पुन्हा तोच मोह उभा राहिला, हरकतीचा उल्लेख टाळण्याचा. या वेळी उलट केले. ठरावाच्या प्रतीत मतांची संख्या जशीच्या तशी दिली, विरोधी मताचे कारण लिहिले आणि त्यावर संस्थेने काय केले तेही लिहिले. पूर्वेच्या बंगल्याचे मालक, ज्यांच्या बाजूला मनोरा येणार होता, त्यांनाही नकाशा दाखवला. त्यांना अंतराचे काही वाटले नाही. लिफ्टमधून आपल्या अंगणात पाहिले जाईल एवढीच त्यांची काळजी होती. त्या बाजूला धूसर काच लावण्याचे कबूल केल्यावर त्यांनी लेखी ना-हरकत दिली. नियमाने हे पत्र मागितलेले नव्हते. फाइलीत त्याचे वजन मात्र पडले.

दुसरा अर्ज

एप्रिल २०२३ मध्ये ऑनलाइन दाखल झालेल्या दुसऱ्या अर्जाचे विनंतीपत्र दीड पानाचे होते. वये आणि आजार एका परिच्छेदात संपवले. बाकीची सगळी जागा एका तक्त्याने घेतली, ज्यात तीन जागा होत्या, पुढची, मागची आणि पूर्वेची, आणि प्रत्येकीसमोर चार रकाने : नियमात बसते का, मजल्याच्या पातळीवर थांबते का, कोणाच्या उजेड-वाऱ्याला अडथळा होतो का, किती सवलत लागते. मागच्या जागेसमोर ‘नियमात बसते : होय’ असे स्वच्छ लिहिले होते. मुख्य युक्तिवाद एका वाक्याचा होता : जिन्याची व बोळाची मूळ मंजूर रचनाच अशी आहे की नियमात बसणारी एकमेव जागा पायऱ्यांशिवाय कोणत्याही घरापर्यंत पोहोचत नाही, आणि ही रचना अर्जदारांनी मागाहून निर्माण केलेली नाही.

नगररचना विभागातील चर्चेत अधिकाऱ्यांनी अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न मागच्या जागेचाच केला. तक्ता समोर असल्यामुळे उत्तराला दोन मिनिटे लागली. दुसरा प्रश्न अनपेक्षित होता : ‘सत्तर सेंटिमीटरच का, साठ का नाही?’ तेव्हा पार्किंगमधल्या खुणेचे छायाचित्र पुढे केले. अधिकाऱ्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि खुर्ची कोणाची आहे असे विचारले. पहिल्या अर्जातही त्याच गृहस्थांचे छायाचित्र होते. ते कोणी पाहिल्याची फाइलीत खूण नाही.

अग्निशमन विभागाने अभिप्राय देताना उरलेले २.३५ मीटर अंतर कायम मोकळे ठेवण्याची अट सुचवली. त्या भिंतीला लागून रोज आठ दुचाक्या लागत. अर्ज करताना याचा विचार कोणीच केला नव्हता.

निर्णय आणि काम

ऑगस्ट २०२३ मध्ये सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेने शिथिलता मिळाली. हार्डशिप प्रीमियम भरणे, संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र देणे, झडपा आधी हलवून मगच मनोऱ्याचे काम करणे, पूर्वेची वाट मोकळी ठेवणे, आणि या मंजुरीच्या आधारे पुढे आणखी सवलत न मागण्याचे हमीपत्र देणे, अशा तिच्या अटी होत्या. प्रीमियम समितीच्या अंदाजापेक्षा कमी आला, कारण तो तुटीच्या क्षेत्रावर काढला गेला आणि ते क्षेत्र सव्वा चौरस मीटरदेखील नव्हते.

काम नोव्हेंबरात सुरू झाले आणि तिसऱ्याच दिवशी थांबले. लिफ्टच्या खड्ड्यासाठी खणताना जुन्या सांडपाण्याच्या वाहिनीचा चेंबर लागला, जो कोणत्याही नकाशात नव्हता. तो हलवण्यात पाच आठवडे आणि बराच पैसा गेला. खड्डा लगतच्या खांबाच्या पायाजवळ येत असल्याने संरचना अभियंत्यांनी तो हाताने, टप्प्याटप्प्याने खणायला लावला. उभारणीनंतर महाराष्ट्र लिफ्ट, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम, २०१७ खालील तपासणी होऊन लिफ्ट चालवण्याचा परवाना मे २०२४ मध्ये मिळाला. तिसऱ्या मजल्यावरील सदस्य मधले सात महिने मुलीच्या तळमजल्यावरील घरी राहात होते. ते परवान्यानंतरच्या आठवड्यात परत आले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या अर्जापासून परवान्यापर्यंत सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातील किमान एक वर्ष वाचले असते, असे माझे मत आहे. मिळकत पत्रिका, शिल्लक चटईक्षेत्र आणि जमिनीखालच्या वाहिन्या या तीन गोष्टी कोणत्याही अर्जाआधी पाहता येतात. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. चेंबरचा शोध तर एका दिवसाचे, एका मजुराचे काम होते.

अर्ज करण्यापूर्वी नगररचना विभागात जाऊन कच्च्या नकाशावर बोलून घेतले असते तर मागच्या जागेचा प्रश्न तेथेच निघाला असता. पहिल्या वास्तुविशारदांनी तसे सुचवले होते. समितीला त्यात विलंब दिसला. संमतीच्या चुकीबद्दल मात्र समितीला सूट देणे मला जमत नाही. सतरा सह्या पुरेशा होत्या. त्या वीस म्हणून सांगितल्यामुळे बाकी खऱ्या कागदांवरही संशयाची छाया पडली आणि दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रतीची मूळ कागदाशी पडताळणी झाली.

एका मुद्द्यावर समितीत अजून मतभेद आहेत. मागची लिफ्ट त्वरित बसवली असती तर नऊ ज्येष्ठांपैकी सहा जणांची दोन वर्षे सुसह्य झाली असती. त्यांतील एका आजी लिफ्ट सुरू होण्यापूर्वीच वारल्या. त्यांच्या मुलाने देखभालीचा पहिला हप्ता वेळेवर भरला आणि सोबत चार ओळींचे पत्र दिले, जे कार्यवृत्ताला जोडलेले आहे. त्याचे उत्तर देण्याचा विषय दोन सभांच्या कार्यसूचीवर होता आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला.

दुचाक्यांचे भांडण मिटलेले नाही. पाच दुचाक्या मागे गेल्या, तीन अजूनही रात्री पूर्वेच्या भिंतीला लागतात आणि सकाळी पहारेकरी त्या हलवतो. पहिल्या पावसात लिफ्टच्या खड्ड्यात वीतभर पाणी साचले, कारण चेंबर हलवताना उताराचा विचार झाला नव्हता; आता तेथे एक लहान पंप बसवला आहे. हलवलेला चेंबर मंजूर नकाशात नसल्याने काम पूर्ण झाल्याचा अंतिम दाखलाही अडला. त्यासाठी दुरुस्त नकाशा सादर करावा लागला आणि या वेळी त्यात चेंबर, पंप, पाच झडपा आणि दुचाक्यांची नवी जागा, सगळे मापांसह दाखवले आहे.